झाकणावरची तारीख

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घरोघरी एक डबा असतो. माळ्यावर, जिन्याखाली किंवा गॅलरीतल्या कपाटाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात. लाकूड चिकटवायच्या पांढऱ्या डिंकाचा डबा. कधीतरी घरात सुतारकाम निघालेलं असतं आणि मिस्त्रींनी तो आणायला सांगितलेला असतो. काम संपतं, मिस्त्री जातात आणि डब्याच्या तळाशी पाव किलो डिंक उरतो. टाकून द्यायला जीव होत नाही. 'राहू दे, लागेल कधीतरी' असं म्हणून आपण झाकण दाबतो आणि डबा विसरून जातो.

तो कधीतरी लागतोही. स्टुलाचा पाय हलायला लागतो, ड्रॉवरचा तळ सुटतो, देवघराची किंवा पुस्तकांची फळी निसटते. आपण डबा शोधून काढतो. पण आतला डिंक अजून डिंक राहिला आहे का, हे विचारायचं आपल्या मनात येत नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण बघतो, औषधाच्या बाटलीवरची तर चष्मा लावून बघतो. डिंकालाही तारीख असते, हे मात्र आपल्या गावी नसतं. आज मला त्या तारखेबद्दल बोलायचं आहे.

विषय किरकोळ वाटेल. २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत मलाही वाटायचा.

माझे अब्बा मिरजेत सुतार होते. घरांची दारं-खिडक्या करायचे आणि बाहेरचं काम नसेल तेव्हा सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याच्या दांड्या घडवायला जायचे. शाळेच्या सुट्ट्यांत मीही त्यांच्या हाताखाली रंधा ओढला. पुढे बी. ए. झालो, नोकरी केली, कविता लिहीत राहिलो आणि रंधा सुटला. २०१७ च्या डिसेंबरात अब्बा गेले. त्यांची हत्यारं त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका मिस्त्रींकडे गेली, तशी त्यांचीच इच्छा होती. मी माझ्यासाठी दोन वस्तू ठेवल्या. एक लहान रंधा आणि एक अर्धा भरलेला डिंकाचा डबा. डबा ठेवला तो झाकणासाठी. झाकणावर कागदी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर सुतारी पेन्सिलीने अब्बांनी लिहिलं होतं, 'उघडला ४ जून १७'. अब्बा फारसं लिहीत नसत. त्यांचं अक्षर घरात आणखी कुठेही उरलेलं नव्हतं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, एका फळीवर, मी तो डबा जपून ठेवला.

अम्मीची एक सागवानी खुर्ची होती, अब्बांनीच केलेली. गुडघे दुखायला लागल्यापासून ती त्या खुर्चीवर बसूनच नमाज पढायची. २०२१ च्या पावसाळ्यात खुर्चीचा मागचा पाय डुगडुगायला लागला. मला वाटलं, अब्बांची खुर्ची अब्बांच्याच डिंकाने जोडावी. डबा उघडला. वर जाड साय धरली होती, ती ढवळून आत मिसळली. खालचा डिंक घट्ट होता, काडीला तार धरत होता. त्यात नळाचं पाणी घातलं. वास जरा आंबट आला, तिकडे लक्ष दिलं नाही. पाय उपसला, खाचेत डिंक भरला, पाय ठोकून बसवला, सुतळीने आवळून बांधला आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी अम्मी खुर्चीवर बसली. आठवडाभर सगळं ठीक होतं. मग एका सकाळी उठताना तिने मागे रेटा दिला आणि पाय निखळला. अम्मीचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

मिस्त्री तिला भेटायला आले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी तो निखळलेला पाय हातात घेतला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. टोकावरचा डिंक त्यांनी नखाने उचकटला, तर काही पापुद्र्यासारखा सुटून आला, काही भुकटी होऊन खाली पडला. लाकडाचा एक तंतूही त्याच्याबरोबर निघाला नाही. मिस्त्री म्हणाले, "शायरसाहेब, यानं लाकूड धरलंच नव्हतं. डिंक मेलेला होता."

डबा कोणत्या कंपनीचा होता, याला इथे महत्त्व नाही. कंपनीने डब्यावर जे छापायचं ते छापलेलं होतं. ते वाचलं नाही, ते मी. पण 'डिंक मेला' म्हणजे नेमकं काय झालं, हे मला त्या दिवसापासून समजून घ्यावंसं वाटलं. त्यासाठी आधी अब्बांच्या सरसापासून सुरुवात करावी लागेल.

माझ्या लहानपणी अब्बा दारं-खिडक्यांना पांढरा डिंक वापरायचे, पण वाद्याच्या कामाला सरस. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ. तो वाळवून दाणे, वड्या किंवा पत्र्या करून विकतात. वापरायच्या आदल्या रात्री तो थंड पाण्यात भिजत घालायचा. सकाळी फुगून मऊ झाला की त्याचं भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं आणि मंद आचेवर वितळवायचं. थेट आचेवर ठेवायचं नाही, उकळू तर अजिबात द्यायचं नाही. साधारण ६० अंश सेल्सिअस पुरे. त्याहून फार तापवला तर सरसाची ताकद जाते, कारण तो मुळात प्रथिन आहे आणि जास्त उष्णतेने त्याचे लांब धागे तुटतात. पुन्हा पुन्हा तापवला तरी तेच होतं.

या सरसाला दोन आयुष्यं असतात. कोरडा असताना तो वर्षानुवर्षं टिकतो. फक्त त्याला ओल लागू द्यायची नाही आणि किडे-उंदरांपासून जपायचं, कारण त्यांच्या दृष्टीने ते खाणंच आहे. पावसाळ्यात अब्बा सरसाचे दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचे. पण एकदा पाण्यात भिजवून शिजवला की तो आमटीसारखा नाशवंत होतो. आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत त्याला वास सुटतो, बुरशी येते. फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी काही दिवस निघतात, एवढंच. म्हणून जाणते कारागीर त्या दिवसाच्या कामापुरताच सरस करतात. अब्बा म्हणायचे, "भाकरी आणि सरस मोजून करावा."

आणि हाच नाशवंत सरस एकदा सांध्यात बसून वाळला की काय करतो? प्राचीन इजिप्तच्या थडग्यांत सापडलेल्या लाकडी सामानात प्राणिज सरसाचे सांधे आहेत, तीन हजार वर्षांहून जुने. भांड्यात चार दिवस न टिकणारी वस्तू सांध्यात शतकानुशतकं टिकते. चिकटवणाऱ्या बहुतेक पदार्थांची गोष्ट अशीच आहे. त्यांचं बळ लाकडात उतरण्यासाठी असतं, डब्यात साठवून ठेवण्यासाठी नसतं. डब्यात ते रोज थोडं थोडं सरत जातं.

आता पांढऱ्या डिंकाकडे येऊ. १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे या रसायनशास्त्रज्ञाने ज्या पदार्थाचा शोध लावला, त्याचं नाव पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. हे एक प्रकारचं प्लास्टिक आहे. आपल्याकडे या जातीचा डिंक घरोघरी पोचला तो फेव्हिकॉलमुळे. बळवंत पारेख यांनी १९५९ साली तो बाजारात आणला. त्याआधी सुताराला सरसाची भट्टी, त्याचा वास आणि त्यात जाणारा वेळ यांतून सुटका नव्हती. डबा उघडला की डिंक तयार, ही सोय इतकी मोठी होती की पुढे त्या नावाचा आपल्या बोलीत वाक्प्रचारच झाला.

पण या सोयीमुळे आपली एक गल्लत झाली. सरस रोज शिजवावा लागे, म्हणून तो शिळा होतो हे सुताराच्या पोराटोरांनाही माहीत होतं. पांढरा डिंक तयार मिळतो, म्हणून तो कायम तयारच राहील असं आपल्याला वाटू लागलं.

हा डिंक समजून घ्यायचा तर दूध डोळ्यांपुढे आणावं. दुधात स्निग्धाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो, म्हणून दूध पांढरं दिसतं. पांढऱ्या डिंकात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. त्यात साधारण निम्मं पाणीच असतं. कणांनी एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यांच्याभोवती एक संरक्षक आवरण असतं. डिंक लाकडाला लावला की पाणी लाकडात आणि हवेत निघून जातं. कण जवळ जवळ येतात, एकमेकांना भिडतात आणि वितळल्यासारखे एकजीव होऊन त्यांचा अखंड पडदा बनतो. कण एकजीव झाल्यावर प्रकाश विखुरत नाही, म्हणून वाळलेला डिंक पारदर्शक दिसतो. लाकडाच्या रंध्रांत शिरून बनलेला हा पडदा म्हणजे सांध्याची ताकद.

म्हणजे डिंक चांगला असण्याच्या अटी दोन. कण सुटे आणि सारखे तरंगत असले पाहिजेत, आणि पाणी जाताच ते एकजीव झाले पाहिजेत. डबा पडून राहिला की या दोन्ही अटी हळूहळू मोडतात. काही कण डब्यातच एकमेकांना धरून बसतात, त्यांच्या गुठळ्या होतात. मग लाकडावर पोचल्यावर त्यांचा सलग पडदा बनत नाही, तुकड्यातुकड्यांचा बनतो. अम्मीच्या खुर्चीच्या खाचेतून भुकटी निघाली ती त्यामुळे.

डिंकाचं हे मरण लवकर ओढवणाऱ्या गोष्टी पाच. त्या एकेक करून पाहू.

पहिली उघडी हवा. झाकण नीट बसलेलं नसेल तर पाणी उडतं, वर साय धरते, खालचा डिंक घट्ट होतो. झाकण नीट न बसण्याचं कारण बहुधा काठावर सांडून वाळलेला डिंक असतो. म्हणून दर वेळी झाकण लावण्याआधी काठ ओल्या फडक्याने पुसावा. मोठ्या डब्यात थोडासा डिंक उरला असेल तर वरची सगळी पोकळी हवेचीच असते. तो डिंक लहान, स्वच्छ, प्लास्टिकच्या डब्यात काढून डबा जवळजवळ गळ्यापर्यंत भरावा. आणि साय धरली असेल तर ती उचलून टाकावी. मी केलं तशी ढवळून आत मिसळू नये. ती पुन्हा विरघळत नाही, तिच्या गाठी सांध्यात अडकतात.

दुसरी उष्णता. ऊन आणि पत्र्याखालची धग यांनी डिंकाचं वय झपाट्याने वाढतं. डब्यावर 'थंड, कोरड्या आणि सावलीच्या जागी ठेवा' असं लिहिलेलं असतं, ते शोभेसाठी नसतं. अब्बांचा डबा मी मिरजेच्या चार उन्हाळ्यांत पत्र्याखाली ठेवला होता. घरातली सगळ्यांत वाईट जागा निवडून मी तो जपला होता! गच्ची, गॅलरीचं उन्हाचं टोक, गॅसच्या शेगडीजवळची फळी, उन्हात उभ्या गाडीची डिकी, या जागा डिंकाच्या नाहीत. पलंगाखालची किंवा आतल्या खोलीतल्या कपाटाची तळातली जागा त्याला मानवते.

तिसरी कडाक्याची थंडी. महाराष्ट्रात डिंक गोठण्याची वेळ सहसा येत नाही. पण कॅनडात राहणाऱ्या माझ्या भाच्याने गॅरेजमध्ये ठेवलेली बाटली हिवाळ्यात गोठली. वसंतात ती उघडली तेव्हा आत फाटलेल्या दुधासारखं काहीतरी होतं, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. पाण्याचा बर्फ होताना कण दाबले जाऊन एकमेकांना चिकटतात. काही डिंक एक-दोनदा गोठणं सोसतात. ते खोलीच्या उबेला आपोआप सुटू द्यावेत आणि ढवळून गुळगुळीत झाले तरच वापरावेत. फाटलेल्याला पुन्हा सांधता येत नाही. थंडीची आणखी एक गंमत आहे. डिंक चांगला असला तरी लावताना लाकूड फार गार असेल तर कण एकजीव होत नाहीत आणि वाळलेला डिंक खडूसारखा पांढरा दिसतो. महाबळेश्वरच्या पौषातल्या पहाटे सांधा जोडण्याऐवजी दुपारपर्यंत थांबलेलं बरं.

चौथी घाण. डिंकात जंतू वाढू नयेत म्हणून त्यात थोडं परिरक्षक द्रव्य घातलेलं असतं. पण तेही सरतं. भुसा लागलेला ब्रश थेट डब्यात बुडवणं, उरलेला डिंक वाटीतून पुन्हा डब्यात ओतणं, नळाचं पाणी घालून तसंच ठेवून देणं, यांनी जंतूंना आपण दारच उघडून देतो. लागेल तेवढा डिंक वाटीत काढावा, उरला तर टाकावा. डब्यात परत जाऊ नये.

पाचवी लोखंड. हा डिंक किंचित आम्लधर्मी असतो. लोखंडी डब्यात तो ठेवला तर गंज धरतो, आणि बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडावर लावला की काळे डाग पडतात. जुन्या तुपाच्या पत्र्याच्या डब्यात डिंक ओतून ठेवायची काहींना सवय असते, ती सोडावी. डब्यात खिळा किंवा लोखंडी पट्टी बुडवून ठेवू नये.

आता तारखेबद्दल. वेष्टनबंद मालावर तो कोणत्या महिन्यात आणि वर्षात तयार झाला हे छापणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. डिंकाचा डबा घेताना ती तारीख पाहावी. कंपनी टिकण्याची मुदतही सांगते. बऱ्याच पांढऱ्या डिंकांसाठी ती तयार झाल्यापासून एक वर्ष असते, काहींची दोन वर्षांपर्यंत. पण ही मुदत बंद डब्याची असते आणि सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या डब्याची असते. झाकण उघडलं त्या दिवसापासून दुसरा हिशोब सुरू होतो आणि तो कुठेही छापलेला नसतो. तो आपणच लिहायचा असतो. मिस्त्रींचा आपला साधा नियम आहे. माणूस बसणार, चढणार किंवा निजणार अशा सामानाला उघडून सहा महिन्यांच्या आतला डिंक. त्यापुढचा डिंक परीक्षा घेऊन फोटोच्या चौकटीला आणि खेळण्यांना. मुदत संपलेला डिंक दुसऱ्या दिवशी सकाळी मरून पडतो असं नाही. नीट ठेवला तर पुढेही काही महिने चालू शकतो. पण तेव्हा कंपनीचा शब्द संपलेला असतो आणि जबाबदारी आपली असते.

परीक्षा घ्यायची कशी? तीन पायऱ्या आहेत. पहिली डोळ्यांनी, बोटांनी आणि नाकाने. डिंक साईसारखा सारखा वाहिला पाहिजे. चिमटीत घेऊन चोळला तर रवाळ लागता कामा नये. फार तार धरत असेल, दह्यासारखा दिसत असेल, कुजकट किंवा नेहमीपेक्षा जास्त आंबट वास येत असेल तर तिथेच थांबावं. दुसरी पायरी काचेची. काचेच्या तुकड्यावर पातळ थर पसरून रात्रभर वाळू द्यावा. सकाळी तो सलग आणि पारदर्शक असेल तर ठीक. पांढरा, भेगाळलेला, भुकटीसारखा असेल तर डिंक गेला. तिसरी पायरी खरी. त्याच लाकडाचे दोन निरुपयोगी तुकडे चिकटवून शिकंजात आवळावेत, पुरते २४ तास ठेवावेत आणि मग हातोडीने फोडावेत. लाकूड फाटून सांध्यावर तंतू उरले तर डिंक जिवंत आहे. सांधा स्वच्छ सुटून आला तर डिंक मेला आहे. या परीक्षेला दोन टाकाऊ तुकडे आणि एक दिवस लागतो. मी तो एक दिवस वाचवला आणि अम्मीचे सहा आठवडे गेले.

घट्ट झालेल्या डिंकात पाणी घालावं का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. आधी डब्यावर काय लिहिलं आहे ते वाचावं. डिंक चांगला आहे, फक्त थोडं पाणी उडालं आहे, अशी खात्री असेल तर अगदी थोडं स्वच्छ पाणी चालतं. किलोला ५० मिलीलिटर ही वरची हद्द समजावी. पाणी घालून गुळगुळीत होत नसेल तर तो पाण्याअभावी घट्ट झालेला नाही, त्याचे कण गोठले आहेत. पाण्याने मग तो फक्त पातळ दिसतो, जिवंत होत नाही. शिळ्या भातावर गरम पाणी ओतलं म्हणून तो ताजा होत नाही, तसंच हे.

इतर चिकट पदार्थांचे स्वभाव वेगळे आहेत, ते थोडक्यात सांगतो. थेंबात चिकटणारा झटपट डिंक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून त्याचा शत्रू दमटपणा. न उघडलेली नळी फ्रिजमध्ये, हवाबंद डबीत, खाण्याच्या वस्तूंपासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवावी. वापरण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर नळीच्या तोंडाशी दव धरतं. दोन नळ्यांचं एपॉक्सी बरंच टिकाऊ असतं, पण दोन्ही नळ्यांची टोपणं कधीही अदलाबदल करू नयेत. त्यातली राळ कधी गढूळ, रवाळ झाली तर बंद नळी कोमट पाण्यात ठेवल्यावर बहुधा पूर्ववत होते. सनमायका चिकटवायचा रबरी डिंक पाण्यात नव्हे, तर ज्वालाग्राही द्रावकात असतो. त्याचा डबा घट्ट बंद आणि आगीपासून दूर, एवढं लक्षात ठेवावं. पाण्याला दाद न देणारे काही पांढरे डिंक साध्या डिंकापेक्षा लवकर म्हातारे होतात, तेव्हा त्यांची तारीख दुप्पट काळजीने पाहावी.

मिस्त्रींनी त्या दिवशी माझी आणखी एक चूक दाखवली. खाचेत अब्बांच्या वेळचा वाळलेला डिंक तसाच होता आणि मी त्याच्यावरच नवा ओतला होता. वाळलेल्या पांढऱ्या डिंकावर पांढरा डिंक नीट धरत नाही. त्याला उघडं लाकूड लागतं. म्हणून दुरुस्तीत जुना डिंक पटाशीने खरवडून, लाकडाचा रंग दिसेपर्यंत काढावा लागतो. सरसाचं तसं नाही. ऊब आणि ओल दिली की जुना सरस मऊ होतो, सांधा न मोडता सुटतो आणि नव्या सरसाशी जुळवून घेतो. तानपुऱ्याचा भोपळा तडकला किंवा तबली बदलायची झाली तर वाद्य उकलावं लागतं. जिथे उद्या उकलायची वेळ येणार आहे, तिथे आज सरस वापरावा, ही जुन्या कारागिरांची दूरदृष्टी होती. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कीर्तीत लाकूड, भोपळा आणि तारांइतकाच वाटा रोज सकाळी मोजून शिजवलेल्या सरसाचाही आहे.

हे सगळं मी घरातल्या एका खुर्चीवरून बोलतो आहे, पण ज्याचं पोट यावर आहे त्याच्यासाठी गोष्ट अधिक गंभीर आहे. मागच्या कामातली उरलेली बादली मालक पुढच्या कामाला पाठवतो, मिस्त्री मुकाट्याने वापरतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात कपाटाचं दार लोंबायला लागतं. तेव्हा बादलीला कुणी दोष देत नाही. 'काम कच्चं केलं' असं मिस्त्रीच्या नावावर लागतं. नाव गेलं की पुढचं काम जातं. म्हणून मिस्त्रीने मालकाला तारीख विचारावी, आणि मालकानेही त्यात अपमान मानू नये. घरच्यासाठी घेताना मोठ्या डब्याचा भाव किलोमागे स्वस्त पडतो, हे खरं. पण त्यातला निम्मा टाकावा लागणार असेल तर तो स्वस्त कसला? कामापुरता लहान डबा घ्यावा. दोन डबे असतील तर आधी आणलेला आधी संपवावा. आणि मेलेला डिंक मोरीत ओतू नये, नळात तो गोठून बसतो. उघड्यावर वाळू द्यावा आणि सुक्या कचऱ्यात टाकावा.

अम्मीचा हात आता बरा आहे. मिस्त्रींनी खुर्चीची खाच तासून, ताज्या डिंकाने पाय पुन्हा बसवून दिला. प्लास्टर निघाल्यावर एकदा ती म्हणाली, "तुझ्या अब्बांनी झाकणावर लिहून ठेवलं होतं ना रे?" मी काही बोललो नाही. लिहून ठेवलं होतंच. साडेतीन वर्षं मी ती चिकटपट्टी अब्बांचं अक्षर म्हणून वाचत होतो. त्यांनी ती माझ्या आठवणीसाठी लिहिलेली नव्हती. या दिवसानंतर मोजायला लागा, असं पुढच्या हाताला सांगण्यासाठी लिहिली होती.

डब्यातला डिंक मी वाळवून टाकून दिला. झाकण तेवढं धुऊन ठेवलं आहे, माझ्या लिहिण्याच्या टेबलावर. आता घरात नवा डबा आला की त्याच्या झाकणावर मी चिकटपट्टी लावतो आणि उघडल्याची तारीख घालतो. पेन्सिल अब्बांचीच आहे. तुमच्या माळ्यावरचा तो डबा आज खाली काढा. तारीख बघा, झाकण उघडा, वास घ्या. चांगला असेल तर या आठवड्यात घरातली एखादी हलती वस्तू जोडून टाका. नसेल तर त्याला निरोप द्या.